परंतुच्या पुढचं

पाटी शरयूला आधी मागून दिसली. सकाळचं ऊन समोरून येत होतं आणि पातळ फ्लेक्समधून उलटी अक्षरं हिरवट उजळली होती. कोंडाच्या तळ्यावर ती गेली चार वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येत होती. कुपवाडच्या कारखान्यांमागून उतरणारी पायवाट, आधी बेशरमाचं बन, मग पाणकणसाचा पट्टा आणि मग तो काळा, तेलकट चमकणारा चिखल, हे सगळं तिला डोळे मिटून चालता आलं असतं. गेल्या महिन्यात इथं पाटी नव्हती. नमुन्यांची पिशवी खांद्यावर सावरत ती वळसा घालून पुढं आली आणि रस्त्यावरची कुठलीही पाटी आपण वाचतो तशी, म्हणजे न वाचताच, वाचायला लागली. वर कमळाचं चित्र होतं. या तळ्यात कमळ कधीच नव्हतं. खाली कारखानदारांच्या एका पर्यावरण मंचाचं नाव, आणि मधे मोठ्या अक्षरांत: ‘ही माती स्वतः शुद्ध होते. येथील मातीतल्या बुरश्या विषारी धातू शोषून घेतात.’ त्याखाली, जरा तिरक्या अक्षरांत, डॉ. शरयू घारे.

पहिल्या क्षणी तिला बरं वाटलं. हे तिनं पुढं कुणालाच सांगितलं नाही, पण वाटलं होतं. एकावन्न वर्षांच्या आयुष्यात तिचं नाव कुठं एवढं मोठं लागलं नव्हतं. कॉलेजात प्रयोगशाळेच्या दारावर होतं तेही ‘वनस्पतिशास्त्र विभाग’च्या खाली, रंग उडालेलं. बुरशीवर काम करणाऱ्या बाईला कोण विचारतं. पक्षी मोजणाऱ्यांचे फोटो छापून येतात, झाडं लावणाऱ्यांना शाल मिळते. बुरशी म्हटलं की लोकांना ओला चमचा घातलेली लोणच्याची बरणी आठवते. वाईला आई ती बरणी तशीच्या तशी उकिरड्यावर नेऊन ओतायची आणि वर दिवसभर घुमी राहायची, जणू घरातल्या कुणीतरी घात केलाय. तर ते बरं वाटणं एखाद्या श्वासाइतकं टिकलं. मग तिनं पाटी पुन्हा, आता खरंच, वाचली. पहिलं वाक्य तिचं नव्हतं. असलं वाक्य तिनं स्वप्नातही लिहिलं नसतं. दुसरं तिचं होतं, पण त्यातला ‘काही’ गेला होता. काही विषारी धातू, असं तिनं लिहिलं होतं. आणि धातू शोषून घेतात याच्यापुढं अर्धविराम होता, अर्धविरामापुढं ‘परंतु’ होतं, आणि त्या परंतुच्या पुढं तिच्या चार वर्षांच्या कामाचा सगळा अर्थ होता: परंतु हे पाणी असंच येत राहिलं, तर इथं दुसरं काही जगणार नाही आणि जी बुरशी टिकेल ती माणसाच्या आणि जनावराच्या अंगात शिरणारी असेल. पाटीपासून पन्नास पावलांवर तो पाइप होता. कुठल्या कारखान्याचा ते कुणी सांगत नसे. आजही तो वाहत होता, पिवळसर, कोमट, निवांत.

“बाई, बघितलीसा का पाटी?” मागून आवाज आला. चंद्राबाई होती. कडेच्या वस्तीत राहणारी, साठीची, दोन म्हशी आणि एका विळ्यावर संसार ओढणारी. दुष्काळाच्या वर्षी जतकडून माणसं आणि जनावरं घेऊन इकडं आली ती इथलीच झाली. जतला टँकरची वाट बघत बसणाऱ्या तिला हे काळं का होईना पण बारमाही पाणी म्हणजे वैभव वाटायचं. चिखलात कुठं पाय रुततो आणि कुठं रुतत नाही हे शरयूला तिनंच शिकवलं होतं. आज ती चालत होती ती एका बाजूला कलून.

“बघितली,” शरयू म्हणाली.

“आमच्या राणीनं वाचून दावली.” राणी तिची सून, वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. “म्हनली, आत्ती, आपल्या बाईंचं नाव हाय. मी म्हनलं, मग खोटं नसंल. ह्या मातीत वीख वढून घ्यायचा गुण हाय म्हणं.”

“पायाला काय झालंय?”

“काय न्हाई. कणीस कापताना पातं लागलं हुतं. बरं हुईना, साखर हाय न्हवं मला. मग हीच माती लावाय लागली. बारा दिस झालं. वडतीया बगा चांगली, ठणका मारतीया म्हंजी वडतच आसंल की.”

तिनं लुगडं जरा वर घेतलं. पावलावर काळ्या मातीचा जाड लेप होता, वाळून भेगाळलेला; भेगांतून पिवळं ओघळलं होतं आणि धाकट्या दोन बोटांच्या मधे सूज एवढी की बोटं एकमेकांपासून फाकली होती. वासही होता. शरयूला तो वास ओळखीचा होता. कॉलेजातल्या उबवणीच्या कपाटाचं दार उघडलं की हाच वास नाकात शिरायचा. गोडसर, ओलसर, आतून कुजत चाललेल्या गोष्टीचा. तळ्यावर ती जिथून नमुने घ्यायची त्यातल्या सात नंबरच्या जागेची माती तिनं पहिल्यांदा काचेच्या थाळीत घातली तेव्हा चौथ्या दिवशी तिच्यावर करडी मखमल उगवली होती आणि थाळीतला क्रोमियमचा पिवळा रंग त्या मखमलीभोवती फिकट फिकट होत गेला होता. त्या दिवशी तिनं प्रयोगशाळेचं दार आतून लावून घेतलं होतं आणि एकटीच हसली होती. आता तीच मखमल बाईच्या बोटांमधे असेल. ती तिथंच खाली बसली. काय करावं हे सुचण्याआधी तिचा हात पिशवीत गेला आणि मोबाइल बाहेर आला. “जरा पाय असाच धरा,” ती म्हणाली. “फोटो काढते. दाखवायला हवा त्यांना.”

चंद्राबाईनं लुगडं खाली सोडलं.

“माजा पाय काय नमुना हाय व्हय?” ती रागावली नव्हती, तिनं नुसतं विचारलं. “माती न्हेलीसा, पिशव्या भरभरून न्हेलीसा, मी धरू लागली. आता पाय न्हेनार?”

शरयूनं मोबाइल आत ठेवला. तिनं जवळच्या बाटलीतलं पाणी काढून लेप भिजवला, जेवढा निघाला तेवढा काढला, आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. चंद्राबाई म्हणाली, म्हशी कोण बघणार, राणीला आज सुट्टी नाही, उद्या जाऊ. “बरं, उद्या सकाळी मी नेते,” शरयू म्हणाली. आणि हे ती फार चटकन म्हणाली. कारण खरं तर तिला तिथं थांबायचंच नव्हतं. तिला त्या घडीला एकच माणूस समोर हवा होता आणि तो माणूस सव्वाशे किलोमीटरवर साताऱ्यात होता.

सांगलीच्या स्टँडवर तिला साताऱ्याची एसटी लगेच मिळाली. कॉलेजात फोन करून रजा सांगितली, कारण सांगितलं नाही. खिडकीतून आष्टा गेलं, इस्लामपूर गेलं, उसाच्या ट्रॉल्या गेल्या, आणि ती मनातल्या मनात वाक्यं रचत राहिली. सर, तुम्ही हे होऊ कसं दिलंत. सर, मंचाचे सल्लागार तुम्ही, हे वाक्य तुमच्या हातात होतं. मग तिला वाटलं, ‘सर’ कशाला म्हणायचं. मग नुसतंच ‘तुम्ही’ म्हणून रचलं. मग तेही मोडलं. देवदत्त सरांनी तिला तेविसाव्या वर्षी बुरशी दाखवली होती. साताऱ्याच्या कॉलेजात, काळ्या पडद्याच्या खोलीत, मान वाकवून तिनं सूक्ष्मदर्शकात पाहिलं होतं आणि सर शेजारी उभं राहून म्हणाले होते, घाई करू नकोस, आधी डोळा स्थिर होऊ दे. तिला तिथं एक रान दिसलं होतं. दोरे, दोऱ्यांवर मण्यांच्या माळा, माळांतून उधळलेली धूळ. त्यानंतर तिला दुसरं काही करावंसं वाटलं नाही. लग्नसुद्धा राहूनच गेलं, आणि राहिलं याचं तिला कधी फार वाटलं नाही. याच सरांनी तिच्या चाळीस थाळ्या एका सकाळी कचऱ्यात टाकायला लावल्या होत्या, कारण एका थाळीवर ती तारीख घालायला विसरली होती. एकाच. बाकीच्या एकोणचाळीसांवर होती, असं ती रडत म्हणाली होती. सर म्हणाले होते, जी एक चुकली ती कुठली, हे तुला आज माहीत आहे. सहा महिन्यांनी नसेल. त्या एकोणचाळीस थाळ्यांचा राग तिला तेव्हा आला नव्हता. तो आत्ता, कराडच्या पुढं, उंब्रजच्या आसपास आला, अठ्ठावीस वर्षं उशिरानं, आणि असा आला की शेजारच्या बाईनं तिच्याकडं वळून पाहिलं. ती काहीतरी मोठ्यानं बोलली होती बहुतेक.

सदर बझारातल्या घराचं दार सरांनीच उघडलं. चौऱ्याहत्तर वर्षांचे, ताठ, स्वच्छ इस्त्रीचा सदरा. पत्नी गेल्यापासून एकटेच असत. “अगं शरयू, न कळवता?” ते म्हणाले, आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले. तिनं पाणी प्यायलं नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: पाटी, कमळ, वाक्य, चंद्राबाईचा पाय. वाटेत रचलेल्या वाक्यांतलं एकही कामाला आलं नाही. सर ऐकत होते, आणि ऐकताना त्यांचा चेहरा ज्या शांतपणानं ऐकत होता त्या शांतपणाचाच तिला संताप येत होता. परीक्षेत तोंडी उत्तर देणाऱ्या मुलीचं ऐकावं तसं ते ऐकत होते.

“पहिलं वाक्य माझं नाही,” ते म्हणाले. “ते पाटी छापणाऱ्यांनी घातलं असेल. मी सल्लागार आहे, पाट्या लिहीत नाही.”

“दुसरं?”

“दुसरं तुझं आहे.”

“अर्धं.”

“बस आधी. ऐक.” सर स्वतः खुर्चीत बसले. “त्या तळ्यावर मुरूम टाकून प्लॉट पाडायचा घाट आहे, हे तुला माहीत आहे. तीन वर्षं चाललाय. निरुपयोगी दलदल असं एकदा कागदावर आलं की संपलं. मी त्या मंचावर गेलो तो कशासाठी? त्या लोकांना पटेल अशा भाषेत सांगावं लागतं. हे तळं तुमचं काम फुकट करतंय, ते ठेवा, असं सांगितलं तर ते ठेवतात. हे तळं तुमच्यामुळं मरतंय असं सांगितलं तर ते मारून मोकळे होतात. तुझा ‘परंतु’ त्या तळ्यावर मुरूम घेऊन आला असता.”

“आणि पाइप?”

“पाइप पुढच्या टप्प्यात.”

“सर, तिनं ती माती जखमेला लावली. माझं नाव वाचून लावली.”

सरांनी तिनं न प्यायलेला तांब्या उचलून बाजूला ठेवला. बाहेर कुणीतरी भाजीची गाडी ढकलत चाललं होतं. मग ते हळू म्हणाले, “वाईट झालं. तिला चांगल्या डॉक्टरकडे ने. मी बोलतो मंचाशी, खर्चाचं बघतील ते.” आणि शरयूच्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे, पण त्यांचा आवाज पहिल्यांदाच धारदार झाला. “माझ्यावर कशाला डोळे काढतेस? तुझ्या कामाचा सारांश मंचाला तू पाठवलास. मी फोनवर एवढंच म्हणालो की चार ओळींत बसव, परंतुच्या पुढचं सविस्तर अहवालात येईलच. पूर्णविराम तू दिलास. सही तुझी आहे. दाखवू?”

त्यांना दाखवावं लागलं नाही. तो दिवस तिच्या समोर जसाच्या तसा उभा राहिला; खरं तर तो सकाळपासूनच समोर होता, पाटीच्या मागं उभा असल्यासारखा, आणि ती त्याला वळसे घालत होती. ऑक्टोबरमधली परीक्षा. ती वर्गात पर्यवेक्षणाला. मुलं माना घालून लिहितायत. मोबाइल टेबलाखाली धरून ती सारांश कमी करतेय. ‘काही’ काढला, एक शब्द वाचला. अर्धविरामावर बोट थांबलं. हो, थांबलं होतं. तिला नीट आठवत होतं की थांबलं होतं. मंचाकडून प्रयोगशाळेला उबवणीचं नवं कपाट मिळायचं होतं. जुन्याचं तापमान पाच पाच अंशांनी घसरायचं आणि तिची चार वर्षं त्या घसरणीवर उभी होती. कपाट आणि सारांश यांचा काही संबंध नाही असं कुणीच म्हटलं नव्हतं, आणि आहे असंही कुणी म्हटलं नव्हतं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं पुरवणी मागितली. शरयूनं परंतुपासून पुढचं सगळं निवडलं, पुसलं, पूर्णविराम दिला, आणि पुरवणी द्यायला उठली. पंधरा दिवसांत कपाट आलं होतं. चांगलं होतं. अर्धा अंशसुद्धा हलत नव्हतं.

“तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती,” ती म्हणाली. तिला स्वतःलाच ऐकू आलं की हे वाक्य किती पोकळ आहे.

“माझी तुझ्याकडून होती,” सर म्हणाले. “तू ‘नाही’ म्हणशील असं वाटलं होतं मला. तू म्हणाली असतीस तर मी आग्रह केला नसता.”

हे ती परतीच्या वाटेवर घेऊन आली. सर खोटं बोलत असतील, तर त्यांचा राग करायला हरकत नव्हती. पण ते खरं बोलत होते असं तिला वाटत राहिलं, आणि मग राग कुठं ठेवायचा ते कळेना. एसटीच्या पत्र्यासारखा तो नुसता थडथडत राहिला. म्हाताऱ्यानं तिची परीक्षा घेतली होती म्हणायची. न सांगता. आणि ती नापास झाल्यावर उत्तरपत्रिका निमूटपणे पाटीवर लावू दिली होती. पण मुरुमाचं ते म्हणाले तेही खोटं नव्हतं. तळं बुजलं तर पाणकणीस जाईल, सात नंबरची जागा जाईल, चंद्राबाईच्या म्हशींचं पाणी जाईल. तळं ठेवायचं तर खोटं बोला, खरं बोला तर तळं घालवा. असा हिशेब कुणी बांधून दिला या लोकांना, आणि आपण सगळे त्याच्यात गुमान बसतो कसे. सांगलीच्या पुलावर तिला कृष्णा दिसली, रोडावलेली, आणि तेवढ्यात तिच्या मनात आलं की आपण आज साताऱ्याला गेलो. आज. पाय पाहिला होता, वास ओळखला होता. जगात फार थोड्या माणसांनी तो वास तिच्याइतका ओळखला असता. आणि ती बाईला दवाखान्यात न्यायचं सोडून भांडायला गेली होती, कारण भांडण तिचं होतं आणि पाय दुसऱ्याचा.

सकाळी सातला ती रिक्षा घेऊन वस्तीवर पोचली तेव्हा चंद्राबाई अंथरुणात होती. अंग तापानं भाजत होतं. राणी कामावर न जाता उशाशी बसली होती. “रात्रीपासनं वळकंना झाल्यात मला,” ती म्हणाली. “कानडीत बोलत्यात, त्यांच्या आईशी बोलल्यागत.” पाऊल दुप्पट झालं होतं आणि लाल पट्टा घोट्याच्या वर चढला होता. दोघींनी तिला उचलून रिक्षात घातलं. मिरजेपर्यंत चंद्राबाईचं डोकं शरयूच्या खांद्यावर होतं, जड, तापलेलं, आणि प्रत्येक खड्ड्याला ती दातांतून हवा आत ओढत होती. ओरडली नाही.

दवाखान्यात तपासणाऱ्या डॉक्टर बाई जेमतेम तिशीच्या होत्या. पाऊल पाहून त्यांनी ओठ आवळले, साखर बघायला सांगितली, आणि मग फॉर्मवर लिहिता लिहिता विचारायला लागल्या. जखम कधीची. कशानं. काय लावलं होतं. चंद्राबाई सलाइनमुळं जरा शुद्धीवर आली होती. “माती,” ती म्हणाली.

“कुठली?”

“तळ्याची.”

“अहो आजी, साखर असताना? कुणी सांगितलं तुम्हाला हे?”

शरयू खाटेच्या पायथ्याशी उभी होती. चंद्राबाईनं तिच्याकडं पाहिलं. चांगलं डोळे भरून पाहिलं, आणि मग छताकडं तोंड करून म्हणाली, “कुनी न्हाई. माजं मीच लावलं.”

हे शरयूला सहन झालं नाही. शिवी दिली असती तर चाललं असतं, राणीसमोर, डॉक्टरसमोर, सगळ्या वॉर्डासमोर दिली असती तरी चाललं असतं. हे कसलं पांघरूण घालणं होतं. हे तिनं मागितलं नव्हतं. कालपासून जेवढा म्हणून राग तिनं साताऱ्याला नेला आणि तसाच परत आणला तो सगळा आता त्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाईवर उलटला, की ही बाई एवढी मोठी कशी होऊ शकते माझ्यापुढं, माझ्याच चुकीवर पाय ठेवून. “खोटं आहे ते,” ती म्हणाली. “मी सांगितलं. माझं नाव लिहा. शरयू घारे.”

डॉक्टर बाईंनी वर पाहिलं. “तुम्ही कोण यांच्या?”

“कुणी नाही. मी त्या मातीचा अभ्यास करते.”

“मॅडम, इथं तसं नाव लिहायला जागा नसते,” त्या म्हणाल्या, आणि ते त्या नेहमीच्या कामाच्या सुरात म्हणाल्या. “जखमेतला तुकडा तपासायला पाठवतो. जंतू आहेत, पण फंगल पण वाटतंय मला. रिपोर्टला दिवस लागतील. तोवर थांबता येणार नाही, बोटं काढावी लागतील. पाय वाचवायचा प्रयत्न करू.” राणीनं सही केली. सही करताना तिनं शरयूकडं बघितलं नाही, आणि नंतरही, तीन दिवस, बघितलं नाही. त्या मुलीचा राग तेवढा शरयूला सरळ वाटला. तिनं तो अंगावर घेतला.

दोन बोटं गेली. पाय राहिला. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर बाईंनी तो शरयूलाच वाचायला दिला, कारण त्यातलं नाव त्यांनी फक्त पुस्तकात वाचलं होतं. शरयूनं ती बुरशी सात नंबरच्या जागेवर एकवीस वेळा मोजली होती.

चौथ्या दिवशी दुपारी ती खाटेशेजारच्या स्टुलावर बसून पत्र लिहीत होती. प्रदूषण खात्याला एक, कॉलेजला एक, तेच वर्तमानपत्राला. तीन कागद फाडून झाले होते. पाटीवरील विधान मूळ संदर्भातून वेगळे काढण्यात आले असून, असं पहिल्या कागदावर होतं. काढण्यात आले, म्हणजे कुणी काढलं? म्हणून दुसरा घेतला. दुसऱ्यावर सरांचं नाव होतं, दोनदा. तोही फाडला. चौथ्यावर तिनं लिहिलं की ते वाक्य मी स्वतः कापून दिलं, आणि मग पुढं परंतुपासून सगळं, धातूंच्या नावांसकट, टक्केवारीसकट, दीड पान. ते पत्र त्यानंतर पाचव्या दिवशी छापून आलं, आठवड्यात पाटी उतरली, आणि महिनाभरात तळ्याच्या कडेनं मोजणीचे खुंट ठोकले गेले. सर म्हणाले होते तसंच. पाइपाला कुणी हात लावला नाही. शरयूनं खात्याकडं दुसरी तक्रार केली, मग तिसरी; राणीनं वस्तीतल्या सोळा बायकांच्या सह्या आणून त्या तिसऱ्या तक्रारीला जोडल्या, आणि सुनावणीची तारीख लागली. सरांचा फोन आला नाही, तिनंही केला नाही. पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, फक्त एवढं कळत होतं की हा कागद बाहेर गेला की त्या तळ्यावर मुरूम पडू शकतो आणि त्याचीही सही तिचीच असेल.

“काय लिवताय मगापासनं?” चंद्राबाईनं विचारलं. तिचा ताप उतरला होता. पाय उशीवर होता, पांढऱ्या बँडेजात, एका बाजूनं तोकडा.

“पत्र. त्या मातीचं.”

“वाचा बगू.”

शरयूनं वाचलं. दीड पान वाचायला बराच वेळ लागला. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मधेच कूस बदलली. चंद्राबाई डोळे मिटून ऐकत होती.

“ह्यातलं मला काय सुदिक कळलं न्हाई,” ती म्हणाली. “आमच्या वस्तीत कुनालाच कळायचं न्हाई. वाकडं लिवलंय लय. तुमी त्या टायमालाबी आसंच वाकडं लिवलं आसंल, म्हून त्यास्नी कापाय गावलं.”

शरयूला उत्तर द्यायचं होतं. शास्त्रात असंच लिहावं लागतं, असं काहीतरी.

“मग कसं लिहू?” तिनं विचारलं.

“लिवा. ती माती लावू नका. पायप बंद करा. माजी दोन बोटं ग्येली.” चंद्राबाईनं उशीवरच्या पायाकडं बघितलं. “येवढंच. ह्यात कुठं कापनार?”

शरयूनं नवा कागद घेतला आणि वर, दीड पानाच्या आधी, ते तसंच लिहायला घेतलं. ‘माझी’ या शब्दापाशी पेन थांबलं. “तुमचं नाव घालू?” तिनं विचारलं. “चंद्राबाईची दोन बोटं गेली, असं?”

“माजं नाव कशाला?” चंद्राबाई म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात पहिल्यांदा तो राग होता, चार दिवस जपून ठेवलेला, थंड. “लोकांनी तुमच्या नावावर माती लावली, बाई. तुमचंच घाला.”